शिंपल्यांच्या जमिनीतली वाइन: शाब्लीचा ‘ले क्लो’ मळा आणि मातीचं खरं काम

फ्रान्समधल्या शाब्ली गावाच्या वरच्या डोंगरउतारावर द्राक्षमळ्यात वाकून एखादा पांढुरका दगड उचलला, तर त्यात बारीक शिंपले रुतलेले दिसतात. करंगळीच्या नखापेक्षाही लहान, एका बाजूला वळलेले. ही कालवांचीच एक जात. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता आणि त्याच्या तळाशी ही कालवं थरावर थर साचत गेली. समुद्र केव्हाच गेला. आज त्या थरांवर शार्दोने या पांढऱ्या द्राक्षाच्या वेली उभ्या आहेत. त्यांच्या वाइनला लिंबाचा, ओल्या दगडाचा, मागाहून किंचित खारट असा स्वाद असतो. त्यामुळे दुकानदारापासून मळा दाखवणाऱ्या मार्गदर्शकापर्यंत सगळे एकच गोष्ट सांगतात: वेलीची मुळं त्या शिंपल्यांपर्यंत जातात आणि जुन्या समुद्राची चव ग्लासात आणतात.

गोष्ट ऐकायला फार सुंदर आहे, पण तसं घडत नाही. त्याच वेळी, लागूनच्या दोन मळ्यांतल्या वाइन स्पष्ट वेगळ्या लागतात हे अगदी खरं आहे. एकच द्राक्ष, एकच बनवणारा, एकच वर्ष, आणि तरी फरक कळतो. दगडाची चव वाइनमध्ये उतरत नसेल, तर हा फरक येतो कुठून? मला वाटतं, खरं उत्तर त्या गोष्टीपेक्षा जास्त रंजक आहे. शिवाय द्राक्षबाग पाहिलेल्या मराठी माणसाला ते चटकन उमगेल, कारण निचरा, पालाश (म्हणजे पोटॅशियम), चुनखडी, खुंट हे सगळे आपल्या शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत.

आधी मळा पाहू. शाब्ली हे फ्रान्सच्या बर्गंडी प्रदेशाचं अगदी उत्तरेकडचं टोक. थंडी इतकी की द्राक्ष जेमतेम पिकतं. सेरँ नावाची छोटी नदी गावातून जाते आणि तिच्या उजव्या काठावर एक सलग उतार आहे. या उतारावरच्या सात मळ्यांना सर्वोच्च म्हणजे ‘ग्राँ क्रू’ दर्जा आहे. सातही मिळून जमीन साधारण १०० हेक्टर. त्यातला सर्वांत मोठा ‘ले क्लो’, साधारण २६ हेक्टरांचा, म्हणजे आपल्या हिशेबात ६०-६५ एकर. तोंड दक्षिण-नैर्ऋत्येला, त्यामुळे दुपारचं ऊन भरपूर. मळा एक असला तरी मालक अनेक आहेत, कुणाच्या काही ओळी, कुणाचे काही एकर. बाटलीवर ‘ले क्लो’ लिहायचं असेल तर आतलं प्रत्येक द्राक्ष याच मळ्यातलं असावं लागतं, दुसरीकडचं मिसळता येत नाही. एका मळ्याची वाइन म्हणतात ती हीच.

ग्राँ क्रूच्या खाली ‘प्रीमिए क्रू’, त्याखाली नुसती ‘शाब्ली’ आणि सर्वांत खाली ‘पेटी शाब्ली’. या उतरंडीचं मूळ बऱ्याच अंशी जमिनीत आहे. उतारावर शिंपल्यांची मार्ल आहे, म्हणजे चुनखडी आणि चिकणमाती एकत्र झालेली राखाडी माती, आणि तिच्यात मधूनमधून चुनखडीच्या दगडाचे पट्टे. भूशास्त्रज्ञ या थराला किमरिजियन म्हणतात, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या किमरिज गावावरून. टेकड्यांच्या माथ्यावर मात्र त्याहून नंतरच्या काळातला, टणक चुनखडीचा थर आहे, पोर्टलँडियन. त्यात चिकणमाती कमी, माती पातळ, वर वारा आणि गारठा. पेटी शाब्ली मुख्यतः याच माथ्यावरून येते.

या दोन थरांवरून शाब्लीत मोठा वाद झाला. १९३८ साली शाब्लीच्या हद्दी कायद्याने ठरल्या तेव्हा किमरिजियन माती ही कसोटी मानली गेली. पुढे १९७०च्या दशकात हद्दी वाढवायचा प्रश्न आला आणि गावात दोन तट पडले. वाइन उत्पादक विल्यम फेव्र यांचा गट म्हणत होता, किमरिजियन नाही तर शाब्ली नाही. दुसरे उत्पादक झाँ द्यूरूप यांच्या गटाचं म्हणणं, उताराची दिशा, ऊन आणि स्थानिक हवामान मातीइतकंच महत्त्वाचं, म्हणून पोर्टलँडियनवरचीही चांगली जमीन घ्या. निकाल मोठ्या प्रमाणात दुसऱ्या गटाच्या बाजूने लागला. १९५०च्या दशकात जेमतेम ५०० हेक्टरांच्या आसपास असलेल्या द्राक्षबागा आज ५,००० हेक्टरांच्या पुढे आहेत. त्या वादात दोन्ही बाजूंचं काहीतरी बरोबर होतं असं मला वाटतं. फेव्र मातीला महत्त्व देत होते ते योग्यच, पण ते महत्त्व शिंपल्यांचं नाही, त्या मातीच्या वागणुकीचं आहे.

दगड विरघळून ग्लासात का येत नाही

वेल दगड खात नाही. मुळं फक्त पाण्यात विरघळलेली मूलद्रव्यं, तीही विद्युतभारित कणांच्या रूपात, आत घेतात: पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, जस्त आणि अशीच थोडी आणखी. शिंपल्यातलं कॅल्शियम आणि साध्या चुनखडीतलं कॅल्शियम वेलीला सारखंच. ते कोणत्या प्राण्याच्या कवचातून आलं, किती कोटी वर्षांचं आहे, याची काहीच खूण त्या कणावर नसते. वाइनमध्ये शेवटी उरणारी खनिजं लिटरमागे दोन-तीन ग्रॅम असतात. त्यात सर्वांत मोठा वाटा पालाशाचा, आणि बाकीची बहुतेक इतकी थोडी की जिभेला कळू नयेत. चुनखडीला तर स्वतःचा वासच नाही. स्वच्छ, कोरडा तुकडा नाकाशी धरून पाहा.

मग ‘ओल्या दगडाचा वास’ कसला? पहिल्या पावसात येणारा मृद्गंध आपल्याला किती प्रिय आहे. तो येतो मुख्यतः जमिनीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या जिओस्मिन या द्रव्यामुळे आणि कोरड्या दिवसांत दगडमातीवर साचलेल्या सेंद्रिय तेलांमुळे. खनिजाचा त्यात हात नाही. वाइनमध्येही तेच आहे: ज्याला आपण दगडाचा वास म्हणतो तो सेंद्रिय द्रव्यांचा असतो आणि त्यातली बरीचशी आंबवण्याच्या वेळी जन्मतात. चकमक घासल्यासारखा जो धुरकट वास चांगल्या शार्दोनेत येतो, त्यामागचं गंधकयुक्त संयुग बोर्डोच्या संशोधकांनी २००३ साली दाखवून दिलं. लिटरमध्ये एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहून कमी असलं तरी नाकाला ते कळतं.

हे वाचून कुणाला शाब्लीची मजा गेली असं वाटेल. माझ्या बाबतीत उलट झालं. शिंपल्यांची गोष्ट बाजूला ठेवली आणि माती प्रत्यक्षात काय करते ते पाहू लागलो, तेव्हा घोटातल्या गोष्टी वेगवेगळ्या ओळखता येऊ लागल्या.

जमीन करते काय

सर्वांत मोठं काम पाण्याचं. बोर्डोमध्ये जेरार सगँ यांनी १९६०च्या दशकापासून केलेल्या अभ्यासातून हे ठळकपणे पुढे आलं: नामवंत मळ्यांच्या मातीचं रसायन एकमेकांशी जुळतंच असं नाही, जुळते ती वेलीला पाणी मिळण्याची रीत. पाणी भरपूर मिळालं की वेल पाला वाढवत बसते, मणी फुगतात, रस पातळ होतो. अजिबात नाही मिळालं की वेल पानांवरची रंध्रं मिटून घेते आणि द्राक्ष पिकायचं थांबतं. हवं ते मधलं: सुरुवातीला पुरेसं, आणि मण्यांना रंग-गोडी धरायच्या वेळी थोडी ओढ. किमरिजियन मार्ल हे जवळपास आपोआप करते. तिच्यातली चिकणमाती माठासारखी ओल धरून ठेवते आणि झिरपू देते, तर मधले दगडी पट्टे आणि उतार जास्तीचं पाणी काढून देतात. माथ्यावरच्या पोर्टलँडियन चुनखडीत ओल धरायला चिकणमाती कमी, म्हणून तिथली वाइन बहुधा हलकी, सडपातळ आणि लवकर प्यायची. ले क्लोच्या आतही हा फरक आहे. वरचा भाग जास्त दगडी आणि पातळ मातीचा, खालचा जास्त खोल आणि चिकण. म्हणून एकाच मळ्यात ओळी कुठे आहेत हे जाणकार विचारतात.

दुसरं काम पालाशाचं. मण्यात पालाश जास्त उतरला की तो टार्टारिक आम्लाशी जोडी करतो आणि स्फटिक होऊन तळाशी बसतो. आम्ल कमी होतं, सामू (pH) वर जातो, वाइन मऊ आणि सपक लागते. पालाश कमी उचलला गेला की आंबटपणा ताठ राहतो. चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम मुबलक असल्याने पालाशाच्या उचलीवर थोडा लगाम बसतो. शाब्लीच्या आंबटपणाचं मोठं कारण तिथली थंडी आहे यात वाद नाही, पण मातीचा हा धागाही त्यात आहे.

तिसरं काम आपल्या द्राक्ष बागायतदारांना सांगायलाच नको. जास्त चुनखडीच्या जमिनीत शेंड्याची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कारण लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. शाब्लीला हा फटका १९व्या शतकाच्या अखेरीस फार जोरात बसला. फायलोक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने युरोपभर बागा मारल्या. त्यावर उपाय एकच, कीड सोसणाऱ्या अमेरिकन जातींच्या खुंटावर युरोपातलं द्राक्ष कलम करायचं. पण त्या काळी मिळणारे बहुतेक खुंट चुनखडीत पिवळे पडून मरत होते. १८८७ साली प्येर व्हिआला हे फ्रेंच शास्त्रज्ञ चुनखडीत तगणारा वेल शोधायला अमेरिकेला गेले. टेक्सासमधले द्राक्षतज्ज्ञ टी. व्ही. मन्सन यांच्या मदतीने त्यांना उत्तर मिळालं ते मध्य टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्यांवर: बर्लांडिएरी नावाचा रानवेल. शाब्लीत आजही वापरात असलेल्या ‘४१ बी’ खुंटात निम्मं रक्त बर्लांडिएरीचं आहे.

आता गंमत पाहा. नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागांत ज्या डॉगरिज खुंटावर कलमं केली जातात, तोही मध्य टेक्सासचाच, मन्सन यांच्याच काळात निवडलेला रानवेल. शाब्लीने तिथून चुनखडी सोसणारा वेल घेतला, आपण खारं पाणी आणि दुष्काळ सोसणारा. पण डॉगरिज जोमाने वाढतो आणि पालाश भरपूर उचलतो. खायच्या द्राक्षाला ते चालतं. वाइनच्या द्राक्षात मात्र सामू चढतो आणि आंबटपणा ढिला पडतो. म्हणून वाइनसाठी लावलेल्या बागांत ‘११० आर’सारख्या खुंटांकडे वळण्याचा विचार झाला. मातीची चव म्हणून आपण जे म्हणतो त्यात खुंटाचा वाटा किती असतो, हे यावरून लक्षात येईल. याबद्दल बाटलीवर एक अक्षरही नसतं, आणि मला ते खटकतं.

उष्णतेचं कामही जमिनीचंच, पण इथे मातीपेक्षा उताराची दिशा आणि उंची महत्त्वाची. थंड हवा जड असते, ती खाली वाहून खोलगट भागात साचते. एप्रिलमध्ये कोवळ्या फुटीवर गोठवणारं दंव पडलं की वर्षाचं पीक जातं. २०१६, २०१७ आणि २०२१ साली शाब्लीने हे फार सोसलं. शेतकरी रात्रभर ओळींमधून मोठ्या मेणबत्त्या पेटवतात, किंवा तुषार लावून कोंभांवर पाण्याची फवारणी करतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं, आणि बर्फाच्या कवचाआडचा कोंभ शून्य अंशाच्या आसपास टिकून राहतो. पहाटे अख्खा उतार काचेचा झालेला दिसतो तो यामुळे.

ग्लासात

ले क्लोची बाटली घाईने उघडू नये. तरुणपणी ती मिटलेली असते, आठ-दहा वर्षं तरी द्यावीत. २०१४ हे शाब्लीचं उत्तम वर्ष मानतात, ऊन आणि आंबटपणा यांचा तोल साधलेलं. त्या सालची बाटली समोर आहे असं धरू. फ्रीजमधून काढून वीसेक मिनिटं बाहेर ठेवा, कारण फार गार असेल तर वास बंदच राहतो. ११-१२ अंश सेल्सियस ठीक. ग्लास एक तृतीयांशच भरा.

रंग फिका सोनेरी, कडेला हिरवट झाक. पहिल्या हुंगण्यात फळ जवळजवळ नाहीच. आधी तो चकमकीचा धूर येतो आणि काही मिनिटांनी ओसरतो. मग लिंबाची साल, रसाची नव्हे, किसलेल्या सालीची. मागून कच्चं सफरचंद. ग्लासात हवा लागत गेली की वाळलेलं गवत आणि मधाची पुसट झाक वर येते. हे वय झाल्याचं लक्षण आहे, मातीचं नाही.

घोट घेतल्यावर गिळू नका, तोंडात फिरवा. पहिल्यांदा जिभेच्या दोन्ही कडांना आंबटपणा लागतो आणि तोंडाला पाणी सुटतं. ते पाणी किती वेळ सुटत राहतं याकडे लक्ष द्या. थंड हवामान, उशिरा पिकणं आणि पालाशाचा लगाम या तिघांची ही एकत्र कमाई. दुसरी जाणीव मधल्या भागात होते: वाइन तोंड भरून टाकते, तिला रुंदी आहे, पाण्यासारखी निसटत नाही. पेटी शाब्लीत ही रुंदी नसते. ती आली आहे दक्षिणेच्या उन्हातून, चिकणमातीने ऐन उन्हाळ्यात पुरवलेल्या ओलीतून आणि पिंपात यीस्टच्या गाळावर घालवलेल्या महिन्यांतून. तिसरी जाणीव गिळल्यानंतर. गोडवा नाही, फळ मागे पडलं आहे, आणि जिभेवर खारटसर काहीतरी रेंगाळतं. वाइनमध्ये मीठ नगण्य असतं. आंबटपणा ठळक, फळाची गोडी जवळपास नाही आणि तोंडात लाळ सुटलेली, या सगळ्याचा मिळून मेंदू खारट असा अर्थ लावतो. माझ्या मते ले क्लोची खरी ओळख हीच शेवटची लांबी आहे. साध्या शाब्लीत ती काही सेकंदांत विरते, इथे बराच वेळ राहते.

बाजूच्या ‘ब्लांशो’ मळ्याचं तोंड आग्नेयेकडे, सकाळच्या उन्हाला. तिथली वाइन जास्त फुलांच्या वासाची, नाजूक, लवकर बोलणारी. दोन्ही ग्राँ क्रू, दोन्ही किमरिजियन, मध्ये जेमतेम एक बांध. शिंपलेच चव देत असते तर या दोन वाइन सारख्या लागल्या असत्या.

बनवणाऱ्याचा हातही विसरून चालणार नाही. लुई मिशेल यांच्याकडे लाकूड अजिबात वापरत नाहीत, सगळं स्टीलच्या टाक्यांत. रावनो आणि दोविसा ही घराणी जुन्या ओकच्या पिंपात मुरवतात, जी लाकडाची चव देत नाहीत, फक्त थोडी हवा खेळवतात. नवं ओक वापरलं तर व्हॅनिला आणि भाजक्या पावाचा वास येतो, आणि मळ्याचा स्वर त्याखाली दबतो. एवढ्या किमतीच्या जमिनीवर ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सोबत खायला शाब्लीत कालवं आणि शेळीच्या दुधाचं चीज देतात. कोकणातली कालवं मिळाली तर नुसती वाफवून, वर लिंबू पिळून खावीत. तिखटाच्या सुक्यापुढे ही वाइन टिकणार नाही. साध्या वाफेवरच्या तिसऱ्याही (शिंपल्या) छान जमतात.

नाशिकचं चित्र पूर्ण वेगळं. तिथली माती ज्वालामुखीच्या बेसाल्ट खडकाची, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून आलेली. सपाटीची काळी माती फुगते, भेगाळते, पाणी फार धरते. म्हणून वाइनच्या द्राक्षाला उतारावरची मुरमाड, निचऱ्याची जमीन बरी. तिथे हिवाळ्यात वेल झोपत नाही, एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर फळछाटणी अशा दोन छाटण्या होतात, आणि काढणी जानेवारी ते मार्चमध्ये, थंडी सरता सरता. शनँ ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ तिथे चांगली येतात. पण काढणीला आठवडाभर उशीर झाला की ऊन चढतं आणि आंबटपणा गळतो, त्यामुळे मातीआधी तारीख बोलते. एकाच मळ्याची म्हणून वेगळी बाटली काढण्याआधी आपल्याकडे खुंट आणि तारीख या दोन गोष्टी बसायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं. उतार आणि मुरूम आपल्याकडे आहेत.

मातीचा फरक स्वतः चाखायचा असेल तर ले क्लो घ्यायचीच गरज नाही. एकाच उत्पादकाची, एकाच वर्षाची पेटी शाब्ली आणि एक प्रीमिए क्रू घ्या. ‘मोंते द तोनेर’ मिळाली तर उत्तम, कारण ती ग्राँ क्रूच्याच काठावरची आणि किमरिजियन मार्लवरची आहे. दोन्ही सारख्या गार करा, दुसऱ्या कुणाला तरी सारख्याच ग्लासांत ओतायला सांगा आणि बाटल्या झाकून ठेवा. आधी तोंडाला पाणी किती सुटलं ते लिहा, मग मधली रुंदी, मग गिळल्यावर चव किती वेळ राहिली. वासाची नावं शेवटी, जमली तर. उत्पादक किंवा साल यांतलं एक जरी बदललं, तरी सापडलेला फरक जमिनीचा की माणसाचा हे सांगता येणार नाही.